आठवणीतले ताट आणि थायरॉइडचा कर्करोग

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या पदरी नेत्ररुग्णांची टिपणे ठेवली जात: आधी उपचारापूर्वीची अवस्था, मग परिणाम. पुराव्याचा हा साधा क्रम आजच्या विज्ञानवार्ता विसरतात.

‘दाहकारक आहाराने थायरॉइडचा कर्करोग’ हा मथळा त्याच विसराळूपणाचा नमुना. आहाराचा दाह-निर्देशांक ४५ घटकांवर बेतलेला आहे. त्यात हळद, आले, लसूणही येतात. गणित नेटके, परंतु रुग्ण व निरोगी यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत त्याला मिळणारी माहिती निदानानंतरच्या आठवणीची असते. हादरलेला माणूस स्वतःच्या ताटात दोष शोधणारच.

दुसरा प्रश्न रुग्णसंख्येचा. दक्षिण कोरियात १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचे निदान सुमारे १५ पट झाले. मृत्युदर जवळपास स्थिर राहिला. सोनोग्राफी वाढली, तशा एरवी आयुष्यभर निरुपद्रवी राहिल्या असत्या अशा बारीक गाठीही सापडत गेल्या. वारंवार तपासणी करून घेणाऱ्याचे ताटही निराळे असू शकते; मग संबंध ताटाचा की तपासणीचा?

सकस आहाराची शिफारस अवश्य करावी. परंतु सहसंबंधाला कारण म्हणून खपवले, की आजाराच्या जोडीला अपराधही रुग्णाच्याच माथी मारला जातो.