शिकवणीचा घोडा

घोडा शिकवणाऱ्या माणसाला मराठीत चाबुकस्वार म्हणतात. शब्द जरा निरखून पाहा. आधी चाबूक, मग स्वार. घोड्याचा पत्ता नाही आणि मालकाचा तर नाहीच नाही. मूळ फारसीत 'चाबुक' म्हणजे चपळ असाही अर्थ आहे. असेल. पण तिकडून इथवर येईस्तोवर वाटेत चपळपणा सांडला आणि हातात नुसता चाबूक उरला.

हे मी ऐकीव सांगत नाही. बत्तीस वर्षे बँकेत काढून मी शहादा तालुक्यात वडिलोपार्जित शेतावर राहायला आलो. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्यांनी पुण्यात फ्लॅट घेतले, गुडघे बदलून घेतले, नातवंडांच्या बारशाला अमेरिकेत जाऊन आले. मी एक शिंगरू घेतले. सौ.ने पहिल्या दिवशी एवढेच विचारले, "अहो, हे चावतं की लाथ मारतं?" मी म्हणालो, "अजून त्याचं ठरलेलं नाही." त्या शिंगराची आता चांगली घोडी झाली आहे. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदणी.

आमच्या भागात घोडा घेणे हे वाटते तितके वेडेपणाचे नाही. तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. मारवाडी घोडे येतात, काठेवाडी येतात, पंजाबातले पांढरेशुभ्र नुकरे येतात. घोडा तिथे विकला जातो तसा मिरवलाही जातो. अशा प्रदर्शनांत दुधाचे दात न पडलेल्यांचा अदंत वर्ग असतो, मग दोनदाती, असे वयाप्रमाणे वर्ग पाडतात. परीक्षक घोड्याचे कान बघतात. मारवाड्याचे कान आत वळून टोकाला टोक भिडले पाहिजे. चाल बघतात, मान बघतात, भोवरे बघतात. भोवरा चुकीच्या जागी असला तर कितीही देखणा घोडा असो, गिऱ्हाईक मान हलवून पुढे जाते. आमच्याकडे मुलीच्या पत्रिकेतला मंगळसुद्धा इतक्या बारकाईने पाहत नाहीत.

तर, या प्रदर्शनात घोडा घेऊन रिंगणात कोण येतो? मालक येत नाही. चाबुकस्वार येतो. मालक बाहेर खुर्चीवर, भगवा फेटा बांधून. निकाल लागला की मालक आत, चाबुकस्वार बाजूला, फोटो. फोटो झाला की घोडा पुन्हा चाबुकस्वाराच्या हाती. मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरही जिंकलेला घोडा आत आणताना मालक लगामाला हात लावून चालतो, पण तिथे निदान सगळा उघड धंदा आहे. ट्रेनरला परवाना असतो आणि मालकाने घोडा शिकवला असे कुणी मानत नाही. आमच्याकडे मात्र मालक छाती फुगवून सांगतो, "तयार केलाय घोडा!" अहो, केलाय कुणी?

आमचे साडू या पंथाचे. त्यांनी घोडा घेतला आणि आठव्या दिवशी तीन महिन्यांसाठी एका उस्तादाकडे पाठवून दिला. मुलाला कोट्याच्या क्लासला पाठवले होते त्याच निर्धाराने. महिन्याला किती देत होते तो आकडा लिहीत नाही, कारण त्यांनी घरी निराळा सांगितला आहे. तीन महिन्यांनी घोडा आला तो काय घोडा! ढोलावर नाचतो, पुढचे दोन पाय उचलून उभा राहतो, पलंगावर चढतो. पलंगावर चढणारा घोडा घरात नेमका कशाला हवा, हे मला विचारायचे होते, पण साडू आहेत.

मग साडूंनी फेटा सावरायला हात वर केला. घोडा तीन पावले मागे सरकला आणि अंग चोरून उभा राहिला.

हे मी सारखे पाहतो. कुणी टोपी सारखी करायला हात उचलला, कुणी छत्री उघडली, कुणी नुसती काठी टेकत जवळून गेला, की हा उमदा जनावर आकसतो. दोन खुंटांना ताणून बांधायचे, ढोल बडवायचा, पुढच्या पायांवर काठीचे टोले देत राहायचे, की पाय आपोआप उचलले जातात. त्याला आपण नाच म्हणतो आणि वर नोटा ओवाळतो. सगळेच उस्ताद असे नसतात, हे मला ठाऊक आहे; एका चांगल्या उस्तादाची गोष्ट पुढे येणारच आहे. पण घोडा तीन महिने दृष्टीआड ठेवणाऱ्या मालकाला आपला उस्ताद कोणत्या जातीचा आहे हे कळणार कसे?

साडूंचे चिरंजीव इंजिनियर आहेत. ते माझ्याशी वाद घालायला ग्रीस देशात गेले, म्हणजे मोबाईलवरून. म्हणाले, "काका, झेनोफन म्हणून एक ग्रीक सेनानी होता. दोन हजार तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी त्याने घोड्यांवर पुस्तक लिहिलंय. त्यात तो स्वच्छ सांगतो, की शिंगरू शिकवायला तज्ज्ञाकडे द्या. मालकाला दुसरी कामं असतात."

झेनोफनने तसे लिहिले आहे, मान्य. पण या मुलाने मोबाईल अर्धाच वर सरकवला होता. तोच झेनोफन म्हणतो की शिंगरू उस्तादाकडे पाठवण्यापूर्वीच ते घरी शांत, माणसाळलेले झालेले असावे. भूकतहान, गोमाशा यांचा त्रास एकटेपणाशी जोडला जावा आणि खाणेपिणे, सुटका माणसाच्या हातून यावी. त्याला गर्दीतून, गोंगाटातून हिंडवून आणावे. म्हणजे अर्धी शिकवणी घरची! शिवाय परत येताना घोड्याला काय काय यायला हवे ते आधी लेखी ठरवून घ्यावे, असेही तो सांगतो. आमच्या साडूंनी लेखी काय घेतले होते? पावतीसुद्धा नाही. आणि जबरदस्तीने करवलेल्या गोष्टीत सौंदर्य नसते, नर्तकाला चाबकाने नाचवावे तसे ते होते, हेही त्या सेनानीचेच मत. ढोलावरचा तो नाच पाहून त्याने काय म्हटले असते, याचा मी अंदाज करतो आणि मनातल्या मनात खूश होतो.

ग्रीसपर्यंत जायचे कारणच काय म्हणा. आपल्या महाभारतात नळाची गोष्ट आहे. नळ बाहुक नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे नोकरीला राहिला होता; म्हणजे आजच्या भाषेत पगारी उस्ताद. राजाला एका दिवसात विदर्भात कुंडिनपुराला पोहोचायचे होते. रथ असा सुटला की राजाचे उपरणे उडाले. राजा म्हणाला, थांब, उपरणे घेऊ. बाहुक म्हणाला, ते एक योजन मागे राहिले! रथ राजाचा, घोडे राजाचे, उपरणे राजाचे. पण थांबवणे राजाच्या हातात नाही. चाबुकस्वाराच्या भरवशावर राहिलेल्या प्रत्येक मालकाचे एक उपरणे असे मागे पडलेले असते. पण ऋतुपर्ण आमच्या साडूंपेक्षा शहाणा. त्याने तिथल्या तिथे सौदा केला: मी तुला फाशांची विद्या देतो, तू मला अश्वहृदय दे. घोडे आणखी पळवून दे असे तो म्हणाला नाही. मला शिकव म्हणाला.

मुद्दा नेमका हाच आहे. फी द्यायचीच तर घोड्याच्या शिकवणीची का देता? तुमच्या शिकवणीची द्या.

कारण घोडा लगाम ओढल्याने शिकत नाही; ओढलेला लगाम सैल सोडल्याने शिकतो. टाच लावली, घोडा पुढे सरला, की त्याच क्षणी टाच निघाली पाहिजे. तेच त्याला बक्षीस. ती सोडायची वेळ चुकली की तो भलतेच शिकतो, आणि पक्के शिकतो. आता उस्तादाचा हात हलका, वेळेवर सुटणारा. घोडा त्या हातावर तयार होतो. घरी आल्यावर त्याला भेटतो आमच्या साडूंचा हात, जो स्कूटरचा ब्रेक दाबल्यासारखा लगाम ओढतो आणि सोडायला विसरतो. महिन्याभरात शिकवलेले सगळे पुसले जाते. मग साडू म्हणतात, "घोडा बिघडला," आणि उजळणीसाठी पुन्हा उस्तादाकडे रवानगी. यात उस्तादाची लबाडी काडीची नाही. मालकाच्या हाताला शिकवायचे त्याला कुणी सांगितलेलेच नाही!

जनावर किती बारीक वाचते याचा एक दाखला देतो. बर्लिनला फॉन ओस्टेन नावाचे गणिताचे निवृत्त मास्तर होते. त्यांनी आपला हान्स नावाचा घोडा स्वतः शिकवला आणि लोकांना फुकट दाखवला. बेरीज-वजाबाकी विचारा, हान्स खूर आपटून उत्तर देई. 1904 साली विद्वानांची समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही. पुढे फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने छडा लावला. हान्सला गणित येत नव्हते. उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याच्या नकळत त्याचे डोके किंचित हलत असे, ते पाहून हान्स थांबे. ही गोष्ट सांगून लोक त्या मास्तरांना हसतात. मी हसत नाही. समितीतल्या इतक्या थोरांना जे दिसले नाही ते घोड्याला दिसत होते! मास्तरांच्या मनातले मास्तरांना कळायच्या आधी हान्सला कळे. असे जनावर तुम्ही तीन महिने दुसऱ्याचा चेहरा वाचायला पाठवता आणि परत आल्यावर त्याने तुमचा चेहरा घडाघडा वाचावा म्हणता?

बरे, तुम्ही उभे तरी कुठे राहता? घोड्याचे डोळे दोन बाजूंना. त्याला बहुतेक सगळीकडचे दिसते, पण अगदी कपाळासमोरचे आणि शेपटामागचे दिसत नाही. साडू गूळ घेऊन नेमके कपाळासमोर जातात. घोड्याला गूळ दिसत नाही, हात दिसत नाही. एकदम काहीतरी तोंडाशी येते. तो दचकतो. "माजलाय," साडू म्हणतात.

वेळ नसतो, हे दुसरे गाऱ्हाणे. कोवळ्या घोड्याचा धडा पंधरा-वीस मिनिटांचाच बरा. त्याच्यापुढे त्याचे लक्ष उडते, आणि माझेही. साडू त्याच घोड्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवण्यात रोज याहून जास्त वेळ घालवतात. खरारा करायला मोतद्दार, फिरवायला मोतद्दार, तोबरा बांधायलाही मोतद्दार. उद्या घोडा हिनला नाही, मोतद्दार हिनला तरी साडूंना फरक कळायचा नाही.

हाडे मोडतात, हे गाऱ्हाणे मात्र खोटे नाही. साडेतीनशे किलोचे जनावर बिथरले तर पेन्शनरचे काय होईल हे सांगायला फुंग्स्ट नको. म्हणूनच मी एका म्हाताऱ्या चाबुकस्वाराला घरी बोलावले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चांदणीवर पहिल्यांदा चाचा बसले, मी नाही. दोर माझ्या हातात होता. पण अट अशी की घोडी गोठ्यातून बाहेर न्यायची नाही, आणि मी नसताना धडा द्यायचा नाही. चाचांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. म्हणाले, "साहेब, असं गिऱ्हाईक नाही पाहिलं. लोक म्हणतात, शिकवून झालं की फोन करा."

तेव्हापासून ते माझ्यावर ओरडतात. "खांदे पाडा! श्वास सोडा! लगाम म्हणजे बँकेची तिजोरी नाही, उघडी करा मूठ!" चांदणीला त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. सौ. ओट्यावर तांदूळ निवडत हे ऐकते आणि चाचांना दुसरा कप चहा देते. मला पहिलाच.

प्रदर्शनवाल्यांकडे माझे एक मागणे आहे आणि ते मी लेखी कळवले आहे. अमेरिकेत घोड्यांच्या प्रदर्शनांत 'अमॅच्युअर ओनर' नावाचा वर्ग असतो. ज्याचा घोडा त्याने किंवा त्याच्या घरच्याने त्यावर बसायचे. बसण्याचे पैसे घेणारा त्यात चालत नाही. आपल्याकडे असा वर्ग काढा. नाव काही द्या, 'घरचा घोडा' म्हणा. पलंग नको, ढोल नको. मालकाने लगाम धरून आत यावे, घोडा उभा करावा, चारही पाय उचलून दाखवावेत, दोन फेऱ्या माराव्यात, आणि शेवटी स्वतःचा फेटा सावरावा. घोडा जागचा हलला नाही तर पूर्ण गुण.

या शेवटच्या कलमावर साडू चिडले आहेत. ते म्हणतात, हे व्यक्तिगत आहे. आहेच. पण मागच्या आठवड्यात ते चाचांना बांधावर गाठून हळूच काहीतरी विचारत होते. चाचांनी नंतर मला सांगितले. साडूंनी विचारले होते, मालकाला शिकवायचा दर काय? चाचा म्हणाले, "घोड्याच्या दुप्पट. घोडा तीन महिन्यांत शिकतो." साडू अजून घासाघीस करत आहेत.