विश्लेषण : बैलगाडा शर्यतीला फॉर्च्युनर, इटलीच्या घोड्याला रेशमी पताका… बक्षिसाने खेळ कसा बदलतो?

कवठे महांकाळ तालुक्यातील बोरगाव येथे नोव्हेंबर २०२५मध्ये झालेल्या ‘श्रीनाथ केसरी’ बैलगाडा शर्यतीत पहिले बक्षीस होते फॉर्च्युनर गाडी. थार, ट्रॅक्टर, दुचाकी ही पुढची बक्षिसे. डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांच्या पुढाकाराने हे मैदान भरले. शर्यत कायदेशीर की बेकायदा, हा वाद आता मागे पडला आहे. पण ग्रामदैवताच्या यात्रेतला खेळ चारचाकीच्या बक्षिसापर्यंत पोहोचतो, तेव्हा ओझे कुणावर येते?

बंदी कशी आली, कशी उठली?

केंद्राने ११ जुलै २०११ रोजी बैलाचा समावेश प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४च्या निकालात जल्लीकट्टूसह बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे चाके फिरली नाहीत. ऑगस्ट २०२१मध्ये आटपाडी तालुक्यातील झरे येथे आमदार गोपीचंद पडळकर यांच्या पुढाकाराने बंदी झुगारून शर्यत झाली, ती पोलिसांना चकवा देऊन. त्याच वर्षी १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

सांगली-साताऱ्याची शर्यत वेगळी कशी?

पुणे जिल्ह्यात खेड-जुन्नरकडे चार बैलांचा गाडा घाटात पळतो, पुढे घोडी असते आणि निकाल सेकंदांवर लागतो. सांगली-साताऱ्यात हलका छकडा, दोन बैल, एक चालक. एका फेरीत अनेक गाड्या शेजारी-शेजारी सुटतात. गट, सेमी फायनल, फायनल अशी चढण असते. अनेकदा जुवाखाली दोन वेगवेगळ्या मालकांचे बैल असतात, त्यामुळे जोडी जुळवणे हेच अर्धे डावपेच. पळणारा बैल बहुतेक खिलार. माणदेशाच्या कोरड्या माळावरचे हे जनावर चपळ, काटक. ट्रॅक्टर आल्यावर शेतात त्याचे काम उरले नाही. शर्यत सुरू राहिली तर खिलार टिकेल, हा समर्थकांचा युक्तिवाद म्हणूनच पोकळ नाही. पण जिंकणाऱ्या बैलाची किंमत लाखांत जाते, हरणाऱ्याचे पुढे काय होते याची चर्चा मैदानात होत नाही.

इटलीत काय घडले?

भाला घेऊन घोडा दौडवण्याचे मध्ययुगीन खेळ इटलीत आजही उत्सवात होतात. या खेळांवर आक्षेपही जुनेच. जिवावर बेतणाऱ्या अशा झुंजींचा चर्चने ११३०मध्येच निषेध केला होता. गंमत म्हणजे आज ‘मध्ययुगीन’ म्हणून दिसणारे बरेच काही विसाव्या शतकात पुन्हा उभे केलेले आहे. आरेझ्झो शहरातला खेळ १९३१मध्ये पुनरुज्जीवित झाला, फोलिन्योमधला १९४६मध्ये. आरेझ्झोत स्वार भरधाव येऊन लाकडी योद्ध्याच्या ढालीवर भाला मारतो, गुण मिळवतो आणि त्याचा मोहल्ला सोनेरी भाला जिंकतो.

सिएना शहरातली पालिओ शर्यत भाल्याची नाही, नुसत्या घोडदौडीची. पण आपल्याशी तुलना करावी अशी तीच. दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला १७ मोहल्ल्यांपैकी १० मोहल्ले धावतात. चौकाला तीन फेऱ्या, जेमतेम दीड मिनिट. विजेत्याला मिळते रंगवलेली रेशमी पताका. स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला, तरी घोडा जिंकतो! मुख्य म्हणजे कुठला घोडा कुणाला, हे शर्यतीआधी काही दिवस चिठ्ठीने ठरते. त्यामुळे पैशाच्या जोरावर सर्वांत वेगवान जनावर आपल्याच दावणीला बांधता येत नाही.

म्हणून तिथे पैसा नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. स्वारांना मोठ्या रकमा मिळतात, मोहल्ल्यांमध्ये पडद्याआड सौदे होतात. घोडे जखमी होतात, मरतातही, आणि प्राणिमित्र संघटना दरवर्षी आवाज उठवतात. २००९मध्ये इटली सरकारने अशा लोकखेळांसाठी आदेश काढला : धावपट्टीचा पृष्ठभाग योग्य हवा, पशुवैद्यक हजर हवा.

आपले नियम पुरेसे आहेत का?

महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब नको. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक. उल्लंघनाला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कागदावर हे कडक आहे. पण या नियमांचा रोख बैलाला होणाऱ्या मारहाणीवर आहे, बक्षिसाच्या आकड्यावर नाही. फायनलच्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये समोर फॉर्च्युनर उभी असताना चालकाचा हात आवरेल का, याची भिस्त पंच, पोलिस आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर राहते. मोठी गर्दी धावपट्टीला खेटून उभी राहिली, तर बैलाइतकाच धोका माणसालाही असतो.

यात्रा समितीच्या छोट्या मैदानांचीही अडचण आहे. लाखोंची बक्षिसे जिथे, तिथेच नामांकित बैल जातात. मग गावच्या मैदानाला एकतर बक्षीस वाढवावे लागते, नाहीतर गाड्यांची वाट पाहावी लागते. बक्षिसाला कमाल मर्यादा घालण्याचा किंवा मोठ्या मैदानांच्या रकमेतला ठरावीक वाटा जायबंदी आणि निवृत्त बैलांसाठी राखण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे. त्यासाठी २०१७च्या कायद्याखालील नियमांत बदल करावा लागेल.