खिंडीपलीकडची वाट आणि अलीकडचे नियोजन

ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातील हर्सिल येथून अकरा जणांची एक तुकडी लामखागा खिंडीच्या दिशेने निघाली. सुमारे ५,२८० मीटर उंचीवरची ही खिंड ओलांडून हिमाचल प्रदेशातील किन्नौरच्या छितकुल गावी उतरण्याचा बेत होता. तुकडी १४ तारखेला निघाली आणि १७ तारखेपासून हवा बिघडली. तुफान बर्फवृष्टीत तुकडीची वाताहत झाली आणि बहुतेकांना प्राण गमवावे लागले. त्याच दोन-तीन दिवसांत उत्तराखंडमध्ये अतिवृष्टीने हाहाकार उडवला. मुक्तेश्वर येथे चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तेथील वेधशाळेच्या १८९७ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस कधीच झालेला नव्हता.

या घटनेतील विसंगती अशी की, धोक्याचा इशारा देण्यात आला होता. हवामान विभागाने राज्यासाठी ‘रेड अलर्ट’ जाहीर केला होता, चारधाम यात्रेकरूंना जागच्या जागी थांबवण्यात आले होते. मात्र हर्सिल मागे पडल्यानंतर मोबाइलचा उपयोग संपतो. गावातल्या यात्रेकरूला जो इशारा सहज मिळाला, तो खिंडीच्या पायथ्याशी असलेल्या माणसापर्यंत पोहोचण्याचे साधन नव्हते.

गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे, बंगळूर, कोलकाता या शहरांतून हिमालयात पदभ्रमणासाठी जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आहे. रूपकुंड, हमटा यांसारख्या परिचित वाटा करून झाल्या की पुढचे पाऊल स्वाभाविकपणे दुर्गम खिंडींकडे वळते. लामखागा, पिन-भाबा, कालिंदी खाल ही नावे पूर्वी मोजक्या गिर्यारोहकांच्या तोंडी असत. आता ती सहलींच्या जाहिरातींत दिसतात. अर्थात, वाट प्रसिद्ध झाली म्हणून ती सोपी झालेली नाही. या खिंडींवरील दुर्घटनांचा विचार केला, तर निसर्गाचा कोप हे उत्तर अपुरे ठरते. त्यातील बरेचसे निर्णय घर सोडण्यापूर्वी, सुटीचा अर्ज भरताना आणि शिध्याची यादी करताना घेतलेले असतात.

सुटीचे गणित

गंगोत्रीहून बद्रीनाथला नेणारी कालिंदी खाल ही या दृष्टीने अभ्यासण्याजोगी वाट आहे. सुमारे शंभर किलोमीटरचा हा मार्ग भागीरथीच्या खोऱ्यातून अलकनंदेच्या खोऱ्यात उतरतो. खिंडीची उंची साधारण ५,९५० मीटर आहे. गंगोत्री (सुमारे ३,१०० मीटर), भोजबासा (३,८००), नंदनवन (४,३४०), वासुकी ताल (४,८८०), खडा पत्थर (५,४८०) आणि खिंडीचा तळ (५,५९०) असे मुक्कामाचे टप्पे आहेत. नकाशावर एकामागून एक टप्पे गाठले, तर गंगोत्री सोडल्यापासून सहाव्या दिवशी खिंडीवर उभे राहता येते.

शरीराला मात्र हा हिशेब मान्य नसतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा पर्वतीय वैद्यकातील सर्वमान्य दंडक आहे. त्यानुसार गंगोत्रीपासून खिंडीच्या तळापर्यंतची सुमारे अडीच हजार मीटरची चढाई किमान सात ते आठ दिवसांत विभागली पाहिजे. भोजबासाचा पहिलाच मुक्काम हा दंडक मोडणारा आहे. म्हणून गंगोत्रीत एक-दोन रात्री अधिक काढणे हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय ठरतो.

साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, पण प्रत्येक श्वासात तो निम्माच मिळतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवेच्या विकाराची पहिली लक्षणे. ती अंगावर काढून चढत राहिल्यास फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. ॲसिटॅझोलामाइडसारखी औषधे शरीराला जुळवून घेण्यास मदत करतात, तथापि ती चढण्याचा परवाना नव्हेत. गंभीर विकारावर ताबडतोब खाली उतरवणे हाच मुख्य उपचार आहे. आणि कालिंदीसारख्या वाटेवर नेमके तेच अवघड असते. वासुकी तालाच्या पुढे सलग अनेक मुक्काम पाच हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर पडतात. आजाऱ्याला खाली न्यायचे, तर मोरेनच्या दगडगोट्यांतून आणि हिमनदीवरून उलट पायपीट करावी लागते. खिंड ओलांडल्यानंतर तर परतीची वाटही बंद होते. पलीकडे घस्तोलीला मोटाररस्ता लागेपर्यंत चालत राहणे एवढाच पर्याय उरतो.

यात मुंबई-पुण्याच्या नोकरदाराची सुटी जोडून पाहावी. गंगोत्रीला पोहोचण्यास दोन-तीन दिवस, बद्रीनाथहून परतण्यास तेवढेच, चालण्याचे नऊ-दहा दिवस, शरीर रुळण्यासाठी दोन-तीन दिवस आणि हवा बिघडल्यास हाताशी असावेत असे किमान दोन दिवस. एकूण हिशेब अठरा ते वीस दिवसांचा होतो. सलग दोन आठवड्यांची रजा मिळवतानाही दमछाक होणाऱ्या शहरी माणसासाठी यातले कोणते दिवस कापले जातात, हे सांगण्याची गरज नाही. प्रवासाचे दिवस कमी होत नाहीत आणि चालण्याचे अंतर बदलत नाही. कात्री लागते ती विश्रांतीच्या आणि राखीव दिवसांना. परतीचे आरक्षण निश्चित झालेले असले, की खिंडीच्या पायथ्याशी ढग दाटून आल्यावर ‘उद्या पाहू’ म्हणण्याची मुभा तुकडीप्रमुखाकडे राहत नाही.

राखीव दिवसांची किंमत

राखीव दिवस टाळले जाण्यामागे सुटीप्रमाणेच खर्चाचेही कारण आहे. उदाहरणार्थ, आठ ट्रेकर आणि बारा साहाय्यक अशा वीस जणांची तुकडी धरली आणि माणशी दररोज आठशे ग्रॅम कोरडा शिधा धरला, तर बारा दिवसांसाठी १९२ किलो धान्य लागते. हवामानासाठी दोन दिवस वाढवायचे, तर आणखी ३२ किलो. एक भारवाहक २५ किलो उचलतो असे मानले, तरी तो स्वतः चौदा दिवसांत अकरा किलोंहून अधिक शिधा खाणार. म्हणजे केवळ दोन दिवसांच्या सुरक्षिततेसाठी जवळपास तीन माणसे वाढवावी लागतात. रॉकेल, तंबू आणि त्यांचे गरम कपडे वेगळेच. माणशी शुल्कावर स्पर्धा करणाऱ्या आयोजकाला हा खर्च परवडत नाही आणि स्वस्त दराच्या शोधात असलेला ग्राहक त्याविषयी विचारत नाही.

याची सर्वाधिक झळ भारवाहकांना बसते. शहरातून आलेल्या सभासदाकडे पिसांचे जाकीट, उत्तम बूट आणि उणे तापमानात टिकणारी स्लीपिंग बॅग असते. त्याच तुकडीतला भारवाहक साध्या रबरी बुटांत बर्फ तुडवताना दिसणे ही नवलाची गोष्ट नाही. त्याचा विमा आहे का, त्याला हिमचष्मा दिला आहे का, तो किती वजन उचलतो, हे प्रश्न नियोजनाच्या बैठकीत क्वचितच निघतात. माणुसकीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी तुकडीची सुरक्षितता याच माणसांच्या पायांवर उभी असते. भारवाहक आजारी पडला वा परत फिरला, तर अन्न आणि निवारा त्याच्याबरोबर जातो.

सह्याद्रीची शिदोरी

महाराष्ट्रातील ट्रेकरांकडे सह्याद्रीतील भटकंतीची भक्कम पार्श्वभूमी असते. उभ्या कड्यांवरची नजर, पावसातली चाल, दोराचा सराव ही शिदोरी मोलाचीच आहे. परंतु राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे, आणि गंगोत्रीचे बसस्थानकसुद्धा त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. हिमनदीवरील बर्फाने झाकलेल्या भेगा, एका दोराला बांधून चालण्याची पद्धत, आइस ॲक्सने घसरण थांबवणे यांचा अनुभव सह्याद्रीत मिळू शकत नाही. उत्तरकाशीतील नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या संस्थांचे मूलभूत अभ्यासक्रम त्यासाठीच आहेत. अर्थात, प्रशिक्षण म्हणजे अभय नव्हे. याच संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा शिखरावर हिमकडा कोसळला आणि त्या दुर्घटनेने देश हळहळला.

जुन्या नोंदींच्या बाबतीत मात्र मुंबई भाग्यवान आहे. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन क्लबचे मुख्यालय मुंबईत आहे. क्लबच्या ‘हिमालयन जर्नल’मध्ये अनेक खिंडींची वर्णने दशकानुदशके नोंदली गेली आहेत. मुंबईकर हरीश कपाडिया यांनी गढवाल, कुमाऊँ, हिमाचलमधील खिंडींवर केलेले लेखन आजही संदर्भ म्हणून वापरले जाते. मात्र हिमनद्या मागे हटत असल्याने वीस वर्षांपूर्वीचे वर्णन जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. जुन्या नोंदीवरून वाटेचे स्वरूप समजते. यंदा कोणती भेग उघडी आहे, हे त्याच हंगामात जाऊन आलेल्या स्थानिक वाटाड्यालाच ठाऊक असते.

परवाने आणि संपर्क

कागदपत्रांची तयारी हा नियोजनाचा कंटाळवाणा, पण अटळ भाग आहे. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून गोमुखाकडे दररोज केवळ दीडशे जणांना प्रवेश दिला जातो. त्यापुढे वन विभागाची आणि जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. माणा बाजूचा प्रदेश चीनच्या सीमेलगतचा असल्याने तेथे ‘इनर लाइन’चे निर्बंध आहेत. काही तुकड्या ही प्रक्रिया टाळून आडवाटेने पुढे जातात. परिणामी एखादी तुकडी वेळेवर पलीकडे उतरली नाही, तर ती नेमकी कुठे होती आणि तिच्यात किती माणसे होती, हेच प्रशासनाला ठाऊक नसते.

संपर्काचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. अन्य देशांत गिर्यारोहक सर्रास वापरत असलेली उपग्रह संदेशयंत्रे भारतात विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील विमानतळावर एका परदेशी महिलेला अशाच यंत्रासह ताब्यात घेण्यात आले होते. सीमावर्ती भागातील सुरक्षेची चिंता रास्त आहे. परंतु ज्या तुकडीला सरकार स्वतः परवाना देते, तिची नावे व मार्ग नोंदवून घेते, त्या तुकडीला त्याच खिडकीवर नोंदणीकृत उपग्रह फोन भाड्याने देण्याची सोय का होऊ शकत नाही, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

या सोयीअभावी काय घडते, ते जून २०२४ मध्ये सहस्रताल परिसरात दिसले. कर्नाटकातील अठरा, महाराष्ट्रातील एक आणि तीन स्थानिक मार्गदर्शक अशा बावीस जणांच्या गटाला परतीच्या वाटेवर बर्फाळ वादळाने गाठले. नऊ जण थंडीने गारठून मरण पावले. मदत मागण्यासाठी मोबाइलचा सिग्नल मिळेल तेथपर्यंत चालत जावे लागले. हवाई दलाची हेलिकॉप्टर आणि आपत्ती प्रतिसाद दलाची पथके पोहोचली तेव्हा या नऊ जणांसाठी उशीर झालेला होता. सहस्रतालची वाट कालिंदीइतकी उंच नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

नियमांची मर्यादा

दुर्घटनेनंतर चौकशी जाहीर होते, बंदीची मागणी पुढे येते आणि पुढच्या हंगामात सारे पूर्ववत होते. नेपाळने एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरांना परवानाधारक मार्गदर्शक सक्तीचा केला. ऑक्टोबर २०१४ मध्ये ५,४१६ मीटर उंचीच्या थोरांग ला परिसरात ‘हुडहुड’ चक्रीवादळाच्या अवशेषाने बर्फाचे तांडव घडवले होते, त्यात चाळीसहून अधिक बळी गेले. वादळ विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर दोन दिवस आधीच धडकलेले होते. महाराष्ट्र सरकारनेही साहसी उपक्रमांसाठी जुलै २०१८ मध्ये शासन निर्णय काढला आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. पण राज्याबाहेर हजारो किलोमीटरवर हिमनदीवर चाललेल्या तुकडीवर अशा नियमांचा अंकुश ठेवणे कठीण आहे.

म्हणूनच जबाबदारीचा मोठा वाटा ग्राहकावर येऊन पडतो. शुल्क भरण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारता येतात. राखीव दिवस किती आहेत आणि त्यांचा शिधा बरोबर आहे का? तुकडीप्रमुखाने ही खिंड यापूर्वी ओलांडली आहे का? किती वाजेपर्यंत माथा गाठला नाही तर परत फिरायचे, हे ठरले आहे का? आजाऱ्याबरोबर खाली कोण उतरणार आणि त्यानंतर उरलेल्यांचे नेतृत्व कोण करणार? घरच्यांनी कोणत्या तारखेपर्यंत वाट पाहायची आणि त्यानंतर कोणाला दूरध्वनी करायचा? विमा किती उंचीपर्यंत लागू आहे? भारवाहकांचा उतरवला आहे का? या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे न देणाऱ्या आयोजकाबरोबर जाऊ नये, हे उघड आहे. मैत्रीखातर एकत्र जमलेल्या हौशी गटालाही हेच प्रश्न लागू पडतात. किंबहुना तेथे ते विचारणे अधिक अवघड जाते, कारण नेता हा मित्रच असतो.

खिंडीच्या पायथ्यावरून परत फिरलेल्या तुकडीला अजूनही ‘अयशस्वी’ म्हटले जाते. पैसे, रजा आणि वर्षभराची तयारी पणाला लागलेली असताना मागे वळणे कोणालाच सोपे नसते. हा निर्णय वादळात, थकलेल्या आणि प्राणवायूला आसुसलेल्या मेंदूने घ्यायचा की निघण्यापूर्वी शांतपणे त्याची अट ठरवून ठेवायची, एवढाच काय तो पर्याय माणसाच्या हाती आहे. हर्सिलहून निघालेल्या तुकडीच्या वाटेवर जे घडले, ते टळले असते की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. मात्र पुढच्या हंगामासाठी ज्यांची आरक्षणे होतील, त्यांनी परतीच्या तिकिटाची तारीख चार दिवस पुढची घ्यावी. तिकिटाबरोबर त्या चार दिवसांचा शिधाही यादीत धरावा.