टेबल नंबर चार, क्लिअर टू लँड!

प्रत्येक ऑफिसात एक तरी असा नमुना असतोच. मीटिंग रंगात आलेली असते, क्लायंट कॉलवर असतो, आणि बाहेर घरघर ऐकू आली की याची मान आपोआप खिडकीकडे. ‘‘थ्री-ट्वेंटी निओ,’’ एवढं पुटपुटून साहेब पुन्हा एक्सेल शीटमध्ये. मोबाइलवर क्रिकेटच्या स्कोअरऐवजी फ्लाइटरडार. तो नमुना तुम्हीच असाल, तर आजचा कॉलम फुल्टू तुमच्यासाठी. नसाल, तरी वाचा. त्याला वाढदिवसाला कुठे न्यायचं, हा प्रश्न तरी सुटेल.

आधी एक धोक्याची सूचना. ‘एव्हिएशन थीम’ अशी पाटी दिसली की लगेच आत शिरू नका. भिंतीवर फायबरचा प्रोपेलर, वेटरच्या खांद्यावर पायलटच्या पट्ट्या, मेन्यूत स्टार्टर्सना ‘टेक-ऑफ’ आणि डेझर्टला ‘लँडिंग’. झाली थीम! अशाच एका बारमध्ये भिंतीवरच्या सुरेख ब्लॅक अँड व्हाइट फोटोकडे बोट दाखवून मी विचारलं, ‘‘हे विमान कुठलं?’’ उत्तर आलं, ‘‘मॅडम, एरोप्लेन आहे.’’

तेव्हापासून माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत. इथे खरं विमान आहे का? नसेल, तर खरं विमान दिसतं किंवा ऐकू येतं का? आणि त्याची गोष्ट सांगणारं कुणी आहे का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील, तर ते नुसतं महागडं इंटिरिअर. निदान एक ‘हो’ मिळालं, तर बसा. जगभरातली माझी लाडकी ठिकाणं याच कसोटीवर उतरलेली आहेत.

कॉनीच्या पोटात कॉकटेल

न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीला ऑनसाइट असाल, तर एक संध्याकाळ जेएफके विमानतळासाठी राखून ठेवा. फ्लाइट पकडायला नाही, तिथल्या टीडब्ल्यूए हॉटेलसाठी. ईरो सारिनेन या आर्किटेक्टने टीडब्ल्यूए कंपनीसाठी डिझाइन केलेलं हे टर्मिनल १९६२ मध्ये सुरू झालं. पंख पसरलेल्या पक्ष्यासारखं दिसणारं हे टर्मिनल पूर्ण झालेलं पाहायला सारिनेन मात्र राहिला नाही, १९६१ मध्येच गेला. २००१ मध्ये कंपनी संपली, टर्मिनल ओस पडलं आणि मे २०१९ मध्ये त्याचं हॉटेल झालं. लाल गाद्यांचा खोलगट लाउंज, खडखड करत पाट्या उलटणारा जुना फ्लाइट बोर्ड, गच्चीवरच्या स्विमिंग पूलमधून दिसणारा रनवे. सगळंच सही!

पण खरी हिरॉइन मागच्या अंगणात उभी आहे. चार प्रोपेलर आणि शेपटाला तीन उभे पंख असलेलं लॉकहीड कॉन्स्टेलेशन, लाडाने ‘कॉनी’. हे त्या घराण्यातलं शेवटचं मॉडेल, १९५८ चं स्टारलायनर. जेटचं युग आलं आणि चारच वर्षांत टीडब्ल्यूएने तिला विकून टाकलं. मग अलास्कात मालवाहतूक. १९७९ मध्ये लिलावात किंमत आली फक्त १५० डॉलर. त्यानंतर गांजाची तस्करी करणाऱ्यांनीही तिला राबवलं. २०१८ मध्ये ट्रकवर चढून ती मेन राज्यातून न्यूयॉर्कला आली, २०१९ मध्ये टाइम्स स्क्वेअरमध्ये मिरवली आणि शेवटी तिचा बार झाला.

आपल्यासाठी यात एक खास धागा आहे. ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान, ‘मलबार प्रिन्सेस’, हेसुद्धा कॉन्स्टेलेशनच होतं. कैरो आणि जिनिव्हा करत ते लंडनला पोचलं. ती कॉनी आज पाहता येत नाही. नोव्हेंबर १९५० मध्ये माँ ब्लांवर आदळून तिचा अंत झाला आणि तिच्यातल्या ४८ जणांचाही. त्यामुळे जेएफकेच्या कॉनीत बसून पहिला घोट घेताना सांताक्रूझची आठवण काढायला हरकत नाही.

लॉस एंजेलिस : डोक्यावर जंबो, पुढ्यात बर्गर

लॉस एंजेलिसच्या विमानतळाशेजारी ‘प्राउड बर्ड’ आहे. १९६७ पासूनचं. पत्तासुद्धा एव्हिएशन बुलेवार्ड! उतरणारी विमानं अगदी शेजारून जातात आणि अंगणात जुन्या विमानांचा आणि त्यांच्या प्रतिकृतींचा पार्क आहे. ते काढणारा डेव्हिड टॅलिशे दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर उडवायचा. युद्धानंतर तो हॉटेलांच्या धंद्यात शिरला आणि जुनी विमानं गोळा करायच्या वेडातही. १९९० च्या ‘मेम्फिस बेल’ सिनेमात दिसणाऱ्या बी-१७ विमानांपैकी एक त्याचं होतं.

त्याच्याच ‘नाइन्टीफोर्थ एरो स्क्वाड्रन’ या साखळीची आयडिया तर एकदम भन्नाट. पहिल्या महायुद्धात बॉम्ब पडलेल्या फ्रेंच शेतघरासारखं हॉटेल, तेही छोट्या विमानतळाच्या कडेला. आणि टेबलावर हेडफोन! कानाला लावा आणि सूप पिता पिता कंट्रोल टॉवर पायलटशी काय बोलतोय ते ऐका. माझा दुसरा प्रश्न, ‘ऐकू येतं का?’, तो इथूनच आलाय.

बजेट टाइट असेल, तर सेपुल्वेडा बुलेवार्डवरचं ‘इन-एन-आउट’ गाठा. तसं साधं बर्गरचं दुकान, थीमबिम काही नाही. पण उत्तरेकडच्या रनवेवर उतरणारी विमानं इथे डोक्यावरून अशी जातात, की हातातला बर्गर हातातच राहतो. शाकाहारी मंडळींनी ‘ग्रिल्ड चीज’ मागावं, मिळतं.

आता जरा कडू घोट. याच विमानतळावर चार पायांवर उभ्या उडत्या तबकडीसारखी १९६१ ची ‘थीम बिल्डिंग’ आहे. तिच्यात १९९७ पासून ‘एन्काउंटर’ नावाचं रेस्टॉरंट होतं, आतली सजावट डिस्नेच्या डिझाइनर्सची. डिसेंबर २०१३ मध्ये ते बंद पडलं. त्याच वर्षी जागेच्या भाडेकरारावरून ‘प्राउड बर्ड’सुद्धा बंद व्हायच्या बेतात होतं, ते थोडक्यात बचावलं. म्हणजे ‘जाऊ कधीतरी’ म्हणत बसलात, तर राहूनच जातं.

कोस्टा रिकातलं भानगडीचं विमान

काही विमानांचा बायोडाटा थ्रिलरला लाजवेल असा असतो. ५ ऑक्टोबर १९८६ ला निकाराग्वात एक सी-१२३ मालवाहू विमान पाडलं गेलं. त्यात कॉन्ट्रा बंडखोरांसाठी शस्त्रं होती. वाचलेला एक अमेरिकी माणूस पकडला गेला आणि त्यातून रेगन सरकारला हादरवणारं इराण-कॉन्ट्रा प्रकरण उघडं पडत गेलं. त्याच कामासाठी घेतलेलं दुसरं सी-१२३ कोस्टा रिकाच्या सान होजे विमानतळावर बेवारस पडून राहिलं. २००० मध्ये ते ३,००० डॉलरना विकलं गेलं, तुकडे करून मान्युएल आंतोनियोच्या टेकडीवर आणलं गेलं आणि पुन्हा जोडून तिथे ‘एल आव्हियोन’ उभं राहिलं. समोर पॅसिफिक, वर पंख आणि विमानाच्या पोटात बार.

अगदी उलट टोकाचं ठिकाण पाहायचं असेल, तर ऑस्ट्रियात साल्झबर्ग विमानतळावरचं ‘हँगर-७’. रेड बुलवाल्यांनी २००३ मध्ये उघडलेला हा काचेचा भलामोठा घुमट. आत चकचकीत जुनी विमानं, पाहायला तिकीट नाही. घुमटाच्या छताला लटकलेला एक बार आहे, त्याच्या काचेच्या जमिनीतून खालची विमानं दिसतात. ‘इकारस’ रेस्टॉरंटमध्ये दर महिन्याला नवा पाहुणा शेफ. खिसा मात्र घट्ट धरून जा!

आपलं ए-३२० : चाकं मोजा

आता घरी येऊ. लुधियानात २०१६ मध्ये ‘हवाई अड्डा’ सुरू झालं, एअर इंडियाच्या निवृत्त एअरबस ए-३२० मध्ये. विमान सुटं करून ट्रकवरून आणलं आणि तिथे पुन्हा जोडलं. वडोदऱ्यात २०२१ मध्ये ‘हायफ्लाय’ आलं, तेही ए-३२० मध्येच. बोर्डिंग पास, अनाउन्समेंट, केबिन क्रूच्या वेशातले वेटर असा सगळा जामानिमा.

रेस्टॉरंटवाल्यांना विमान परवडतं कसं? याचं गणित सोपं आहे. विमान निवृत्त झालं की आधी इंजिनं निघतात, मग लँडिंग गिअर आणि कॉकपिटमधली उपकरणं. खरी किंमत त्यांचीच, ती दुसऱ्या विमानांना लागतात. उरतो तो रिकामा सांगाडा. त्याला दोनच गिऱ्हाइकं, भंगारवाला किंवा एखादा हौशी हॉटेलवाला.

विमानवेड्यांसाठी एक टिप. इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये ए-३२० आणली, तेव्हा आपल्याकडच्या कमी भार पेलणाऱ्या धावपट्ट्यांसाठी ती खास बनवून घेतली होती. नेहमीच्या ए-३२० ला मागच्या प्रत्येक पायाला दोन चाकं, आपल्या त्या विमानांना चार-चार! निवृत्त ए-३२० मध्ये जेवायला गेलात, तर मेन्यू उघडण्याआधी खाली वाकून चाकं मोजा. चार दिसली, तर समजा की जुनं खानदानी विमान भेटलं.

विमानातलं जेवण, जमिनीवर

एरवी विमानातल्या जेवणाला आपण नावं ठेवतो. पण ऑक्टोबर २०२० मध्ये, कोविडने विमानं जमिनीवर बसवलेली असताना, सिंगापूर एअरलाइन्सने चांगीवर उभ्या केलेल्या ए-३८० मध्ये जेवायचं बुकिंग उघडलं. इकॉनॉमीत ५३.५० सिंगापूर डॉलर, स्वीटमध्ये ६४२. पहिल्या दोन दिवसांची तिकिटं अर्ध्या तासात खलास! विमान जागचं हलणार नव्हतं, तरी लोक पासपोर्ट घेऊन पोचले.

आणि गंमत म्हणजे तिथे जेवण बहुतेक जास्त चविष्ट लागलं असणार. उडत्या विमानात केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तेवढी विरळ ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही वर. शिवाय हवा कोरडीठाक आणि इंजिनांचा सततचा आवाज. जीभ आणि नाक दोन्ही मंदावतात, मीठ-साखर कमी जाणवते. दोष दर वेळी स्वयंपाक्याचा नसतो.

आणि मुंबईत?

विमानं बघत बसायला आपली मुंबई काही कमी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये इथे एकाच दिवसात १,००७ विमानांची चढ-उतार झाली, तीही एका वेळी एकच रनवे वापरून. टर्मिनल वनच्या बाजूला, २०१६ मध्ये उघडलेल्या ताज सांताक्रूझच्या काचेतून रनवे दिसतो. एक कॉफी घ्या, खिडकीजवळची जागा मागा आणि निवांत टाइमपास करा. बहुतेक वेळा विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने उतरतात आणि समुद्राकडे उडतात.

पण माझी एक रुखरुख आहे. एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाचं शेवटचं जंबो ७४७ मुंबईहून उडालं. पायलटने पंख हलवून शहराचा निरोप घेतला, आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ फॉरवर्ड केला. शिल्लक जंबो अमेरिकेतल्या एका कंपनीला विकली गेली होती. १९७१ मध्ये एअर इंडियाची पहिली जंबो आली, तेव्हा तिच्या वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी चक्क लाउंज होती, महाराजाच्या थाटाची. म्हणजे बारची जागा आयती तयार होती! त्या वरच्या मजल्यावर बसून कटिंग आणि बटाटेवडा खायला या शहराने रांगा लावल्या नसत्या?

म्युझियमला सरकार लागतं, निधी लागतो, फायली लागतात. रेस्टॉरंटला फक्त गिऱ्हाइकं लागतात. कॉनी आणि ते भानगडीचं सी-१२३ आज उभी आहेत, ती लोक तिथे जाऊन खातात-पितात म्हणून. त्यामुळे अशा ठिकाणी पनीर टिक्का जरा महाग वाटला, तर कुरकुर करू नका. ते बिल म्हणजे एका म्हाताऱ्या विमानाचं पेन्शन आहे. टिपसुद्धा ठेवा. आणि निघताना मॅनेजरला विचारायला विसरू नका, ‘‘हे विमान आधी कुठे कुठे उडायचं हो?’’ चार गिऱ्हाइकांनी विचारलं, की पाचव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवेल.