आकड्यावर किती विश्वास ठेवावा?

कलाशाखेच्या वार्षिकात तापमान मोजणाऱ्या संवेदकाविषयी लिहिणे काहींना विषयांतर वाटेल. परंतु छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणे जुळवणारे विद्यार्थी आज सर्वच शाखांत आहेत. आणि त्यांची निवड चुकते ती गणितापेक्षा विवेकाच्या अभावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरापासून तीस मीटरवर असलेली कांद्याची चाळ घ्या. ढिगात सड लागली की आतली ऊब वाढते. ती घरबसल्या कळावी, एवढीच अपेक्षा. दुकानात गेल्यावर आपण विचारतो, 'सर्वांत अचूक कोणता?' खरा प्रश्न वेगळाच आहे : तीस मीटर तार ओलांडून आपल्यापर्यंत काय पोहोचेल?

प्लॅटिनमचा पीटी-१०० अचूकतेत नावाजलेला. त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो व दर अंशामागे जेमतेम ०.३८५ ओहम वाढतो. दोन तारांच्या साध्या जोडणीत तारेचाच रोध चार ओहम भरला, तर सुमारे दहा अंशांची चूक! तीन किंवा चार तारा जोडून ती टाळता येते. पण खटाटोप वाढतो. याउलट दहा हजार ओहमच्या स्वस्त थर्मिस्टरपुढे तेच चार ओहम नगण्य. मात्र त्याचा रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत बदलत नाही. गणित करावे लागते. एलएम-३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. लांब तारेत या इवल्याशा संकेतात विजेच्या मोटारीचा उपद्रव सहज मिसळतो.

म्हणून अशा कामाला मी डीएस१८बी२० सुचवीन. तो तापमानाचा आकडा स्वतःच तयार करून पाठवतो, आणि प्रत्येकाला स्वतंत्र ओळखक्रमांक असल्याने एकाच तारेवर अनेक संवेदक बसवता येतात. ढिगात एकच जागा मोजून भागत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

तरीही सावधान! हा संवेदक ०.०६२५ अंशापर्यंतचा फरक दाखवतो, पण त्याच्या अचूकतेची हमी नेहमीच्या तापमानात अर्ध्या अंशाचीच आहे. दशांशचिन्हापुढचे आकडे म्हणजे सत्य नव्हे. मोजणी पूर्ण होण्याआधीच वाचला, तर तो खुशाल ८५ अंश सांगतो! शिवाय बाजारात त्याच्या नकलाही पुष्कळ. तेव्हा बसवण्यापूर्वी कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी एकत्र करून त्यात तो बुडवावा. काही वेळाने शून्याच्या आसपास आला तरच पुढे जावे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

इतिहासाचा विद्यार्थी बखर वाचताना विचारतो : हे कोणी लिहिले, कोठून पाहिले, दुसरा पुरावा काय? संवेदकालाही हेच तीन प्रश्न विचारावेत. पडद्यावर उमटलेला आकडा हीदेखील एक साक्षच आहे. साक्ष तपासल्यावाचून निकाल देऊ नये, ही शिकवण कोणत्याही एका शाखेच्या मालकीची नाही. आकडा चुकला तर सडतो तो कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा कांदा, याचे भान असावे, इतकेच!