वेळेचा जमाखर्च



"व्यायाम करता का?" असे आपल्या वस्तीत कुणालाही विचारा, उत्तर एकच येते, "वेळ कुठे आहे?" मीही वर्षानुवर्षे हेच उत्तर देत आलो. सकाळी पाणी, मुलांची शाळा, लोकल, ऑफिस. संध्याकाळी कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या रेशनकार्डाचे काम. रविवारी मीटिंग. व्यायाम रिकामटेकड्यांनी करावा, असे मी चारचौघांत बोलूनही दाखवले आहे.

मग यंदा एप्रिलमध्ये आमच्याच मंडळाने आरोग्य शिबिर भरवले. मी लोकांना रांगेत बसवत होतो. डॉक्टर म्हणाले, "कार्यकर्त्यांनीही हात पुढे करा." माझा रक्तदाब निघाला वरचा दीडशेच्या पुढे आणि खालचा शंभर. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासला, तरी तोच. गोळी सुरू झाली, पापड-लोणचे बंद झाले आणि रोज दम लागेल असे भरभर चालायला सांगितले. माझे वय चव्वेचाळीस. थोरली दहावीत, धाकटा पाचवीत. त्या रात्री झोप लागली नाही. उद्या मला काही झाले तर यांच्या फिया कोण भरणार, हाच विचार डोक्यात होता.

मी बी.कॉम. झालेला कारकून. हिशेब मांडल्याशिवाय मला काही पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम करावा. जास्त जोराचा असेल तर ७५ ते १५० मिनिटे पुरतात. आठवड्याची एकूण मिनिटे होतात १०,०८०. त्यातली १५० म्हणजे शंभर रुपयांतला दीड रुपया. शिवाय पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटे सलग झाली पाहिजेत अशी अट होती, ती या सूचनांत काढून टाकली आहे. चार मिनिटांचा जिना, सहा मिनिटांचा रस्ता, सगळे खात्यावर जमा होते.

मध्यम जोर कसा ओळखायचा? चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर चाल वाढवा. बोलताच येत नसेल तर, निदान सुरुवातीला तरी, कमी करा. याला ना मशीन लागते, ना जिमची फी.

कामाच्या ओघात झालेली हालचाल खरेच उपयोगी पडते का, अशी शंका मलाही होती. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवरचे, एकाच थरातले लोक. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर डबलडेकरच्या जिन्यावरून दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला, आणि झाला तरी उशिरा व सौम्य. ड्रायव्हर मुळातच जाड होते का, हेही मॉरिस यांनी पुढे गणवेशांच्या कमरेच्या मापांवरून तपासले. होते, पण फरकाचे कारण तेवढेच नव्हते. आपल्या मुंबईच्या जुन्या लाल डबलडेकर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्यांच्या कंडक्टरांची मला तेव्हा आठवण झाली.

मी स्टेशनला शेअर रिक्षाने जात असे. ती सोडली. भरभर चालत पंधरा मिनिटे जाताना, पंधरा येताना. पाच दिवसांचे दीडशे पूर्ण, रिक्षाचे पैसे वाचले ते वेगळेच. रविवारी मीटिंगच्या आधी धाकट्याबरोबर दोरीच्या उड्या. पहिल्या रविवारी वीस उड्यांत मी खाली बसलो, पोरगा हसून लोळला. मुलांना तर रोज एक तास हालचाल हवी असते, आणि आपण त्यांना क्लासला नेऊन बसवतो.

महिनाभर मी वहीत मिनिटे लिहिली. आकडे जुळले म्हणून मी खूश. थोरली म्हणाली, "पप्पा, तुमची वही भरली. मम्मीची वही कुठंय?"

मी हिशेब पुन्हा पाहिला. चालत जायचे म्हणून मी दहा मिनिटे आधी घर सोडत होतो. म्हणजे डबा दहा मिनिटे आधी तयार होत होता. म्हणजे ती दहा मिनिटे आधी उठत होती. माझ्या खात्यावर जे जमा झाले, ते तिच्या झोपेच्या खात्यावर नावे पडले होते. बी.कॉम.ला दुहेरी नोंद शिकलेल्या माणसाला हे मुलीने दाखवावे लागले! आणि शिबिराच्या दिवशी ती सगळ्यांना चहा देत होती. तिचा हात कुणी पुढे करायला सांगितला नव्हता, मीही नाही.

"ती दिवसभर उभीच असते, तिला कशाला व्यायाम?" असे आपण पुरुष सहज म्हणतो. गॅससमोर आणि शिलाई मशीनवर पाय-पाठ दुखते, पण श्वास वाढत नाही. दमणे वेगळे आणि दम वाढणे वेगळे.

आता रात्री आठ ते साडेआठ स्वयंपाकघर माझे. चपात्या मला जमत नाहीत, वरण-भात जमतो. भांडी धाकटा आणि मी. ती शेजारच्या दोघींबरोबर चालायला जाते. पहिला आठवडा चाळीत कुजबुज झाली, "नवरा भांडी घासतो आणि बाई फिरायला." व्यासपीठावर समतेवर तासभर बोलणारा आमचा एक सहकारीही हसला. त्याला मी घासणी देऊ केली. चपलेने टाच दुखू लागली म्हणून साधे कॅनव्हासचे बूट आणले, ड्रेसवर चालतात. कुणी काही म्हणत नाही.

एक सांगून ठेवतो. चालताना छातीत दुखले, दाबल्यासारखे झाले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि थेट दवाखाना गाठा. ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन झोपू नका. मधुमेह, हृदयाचा त्रास किंवा गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चालायला लागलो म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. माझी चालूच आहे. रक्तदाब महापालिकेच्या दवाखान्यातही तपासून मिळतो.

तिचा आम्ही जूनमध्ये तसाच तपासला. वरचा १३६ निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. मैदानातले दोन दिवे बंद आहेत, त्याचा अर्ज दिला आहे, पोच माझ्याकडे आहे. तोवर तिघी इमारतीभोवती फेऱ्या मारतात, पाऊस असला की जिना चढतात-उतरतात. सोमवारी तिची तपासणी आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.