तिखटाची सवय लावावी, सक्ती करू नये

मुंबई-पुण्यात वाढलेली मुलगी लग्न होऊन परभणी, जिंतूर, गंगाखेडकडे नांदायला आली की पहिल्याच जेवणात तिची परीक्षा होते. ताटात ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते आणि घरची मंडळी हसतात, "एवढंसुद्धा सोसत नाही का गं?" सुट्टीत आलेल्या नातवंडांचीही हीच गत. भगिनींनो, हे हसणे बरे नव्हे. तिखट सोसणे हा गुण नाही आणि न सोसणे हा अवगुण नाही. ती केवळ सवय आहे, आणि ती हळूहळू लावता येते.

तिखट ही खरे तर चव नव्हेच. गोड, खारट, आंबट, कडू जिभेला चवीने कळते. तिखटाची मात्र आग होते. मिरचीत कॅप्सायसिन नावाचे द्रव्य असते. ज्या मज्जातंतूंना चटका कळतो, त्यांनाच ते चेतवते. म्हणून काही गरम नसतानाही तोंड पोळल्यासारखे वाटते. हे कसे घडते याचा उलगडा डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये केला. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. थोडे थोडे तिखट नेमाने खाल्ले की हेच मज्जातंतू पूर्वीइतके चेतत नाहीत. सवय म्हणतात ती हीच.

मग आपल्या घरांत एवढे तिखट आले कोठून? मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. स्वस्त, परसात उगवणारी, वाळवली की टिकणारी. ज्या घरात दूध-तूप दिसत नव्हते, डाळ रोज शिजत नव्हती, तेथे कोरड्यासाची जागा मिरचीने घेतली. मिरच्या, मीठ, लसूण पाट्यावर वाटले की साऱ्या घराच्या भाकरी घशाखाली उतरत. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. मिळवत्या मुलामुलींनी ते जरूर वाचावे. आपल्या आजी-आजोबांचे तिखट पुष्कळदा गरिबीतून आले. त्याची लाज नको, तशी फुशारकीही नको.

आता सवय कशी लावावी ते पाहू. सुरुवातीला ठेच्यात मिरची कमी आणि भाजलेले शेंगदाणे जास्त घालावेत. मिरचीचा खरा जाळ बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. ती काढली की मिरची बरीच सौम्य होते. रश्शाला रंग हवा असेल तर बेडगी मिरची वापरावी. रोज नखाएवढा ठेचा भाकरीबरोबर घ्यावा, उपाशीपोटी घेऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी, सोसले तरच, थोडा वाढवावा. मध्ये महिनोन् महिने खंड पडला तर पुन्हा थोड्यापासून सुरुवात करावी. तोंड पोळले तर पाणी पिऊन भागत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. दूध, दही किंवा गुळाचा खडा घ्यावा. मिरची वाटून हात चुरचुरले तर आधी तेल चोळून मग साबणाने धुवावेत.

मुलांच्या बाबतीत विशेष जपावे. पॉल रोझिन आणि डेबोरा शिलर यांनी मेक्सिकोतील एका खेड्यात केलेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे मुलांवर तिखटाची सक्ती होत नव्हती. मोठ्यांचे पाहून ती आपणहून खायला शिकत होती. आपणही लेकराची आमटी आधी वेगळी काढावी, मग तिखट घालावे. 'मर्दासारखं खा' म्हणून पोराला रडवू नये.

तिखटाने अल्सर होतो, असा समज आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवून दिले की बहुतेकांच्या अल्सरामागे एक जंतू असतो. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वारंवार घेतलेल्या दुखणे कमी करणाऱ्या गोळ्यांनीही अल्सर होतो. मात्र ज्याला आधीच अल्सर, पित्त किंवा मूळव्याध आहे, त्याला तिखटाने त्रास वाढू शकतो. त्याने सवयीचा हट्ट धरू नये. शौचाला काळे झाले किंवा रक्त पडले तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ठेचा भूक चाळवतो, पण अंग भरत नाही. नुसत्या मिरची-भाकरीवर कामाला जाणारा माणूस आणि शाळेला जाणारे लेकरू दोघेही आतून अशक्त राहतात. ठेच्यासोबत वाटीभर वरण, मूठभर शेंगदाणे, मेथी किंवा चुक्याची भाजी, जमेल तेव्हा अंडे असावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची 'परभणी शक्ती' ही ज्वारी २०१८ मध्ये आली. तिच्यात लोह आणि जस्त अधिक आहे. बियाणे मिळाल्यास शेत असलेल्यांनी ती घरापुरती तरी पेरून पाहावी. आजीला मिरचीवर भागवावे लागले. नातवाच्या ताटात मिरची केवळ तोंडी लावण्यापुरती असू द्या.